पाटलाचा धूळखाऊ

बीड, सन १३२६ फसली
मार्गशीर्ष शुद्ध ३, मंगळवार

हैदराबादेत माझे उस्ताद म्हणायचे, शहादेव, जे उघडशील ते लिहून ठेव. नाहीतर बंद करताना हातात एक स्क्रू उरतो आणि तो कुठला हे खुदालाही सांगता येत नाही. म्हणून मी वही ठेवतो. आलेली वस्तू, तिचा दोष, परत दिल्याचा दिवस. बीडच्या बाजारात दुकान टाकून आठ वर्षं झाली आणि वहीत घड्याळं, शिवणयंत्रं आणि दोन तबकडीचे बाजे यांपलीकडे फारसं काही नाही. मनातलं लिहायचा मला शौक नाही. पण आज जे मनात आलं ते कुणाला सांगण्यासारखं नाही, आणि न लिहावं तर झोप येणार नाही.

दुपारी दुकानापुढे बैलगाडी थांबली. गाडीत पोत्यात गुंडाळलेली लाकडी पेटी आणि तिला धरून बसलेली एक म्हातारी. मी तिला ओळखलं नाही. तिनं मला ओळखलं.

"भिवराक्काचे भाऊ न्हवं का तुमी? मी बायनाबाई. पाटलाच्या घरची."

पाटील म्हणजे गेवराईकडचे राधाकिशन पाटील. माझ्या धाकट्या बहिणीचे, भिवराचे, नवरे. चार वर्षं नांदवलं, मूल होत नाही म्हणून घराबाहेर काढलं आणि दुसरी केली. त्याला सहा वर्षं झाली. तेव्हा मी त्यांच्या चावडीवर गेलो होतो. डोक्याचं पागोटं काढून त्यांच्या पायांशी ठेवलं. भरल्या चावडीत त्यांनी ते जोड्याच्या टोकानं बाजूला सारलं आणि म्हणाले, "मोडक्या चीजा दुरुस्त करत बसायची आमच्या घराण्याची चाल न्हाई. आमी नवी आनतो." सगळी चावडी हसली. पागोटं मातीतून मीच उचललं. ते हसणं अजून माझ्या कानात आहे आणि त्याची परतफेड केल्याशिवाय मी मरणार नाही, हे आज लिहून ठेवतो.

आणि आज त्याच घराण्यानं मोडकी चीज माझ्या दारात दुरुस्तीला पाठवली आहे. देवाच्या घरी देर आहे, अंधेर नाही.

शुद्ध ४, बुधवार

काल रागात यंत्राचं लिहायचंच राहिलं. पाटलांनी ते सिकंदराबादेत कुणा गोऱ्या साहेबाच्या सामानाच्या लिलावात घेतलं. गुडघ्याएवढी पेटी, वर चामड्याचा भाता, त्याला उभी दांडी. पेटीतून एक लांब नळी निघते, तिला चपटं पितळी तोंड. एकानं दांडी हापसायची, दुसऱ्यानं तोंड गालिच्यावरून फिरवायचं. धूळ आत ओढली जाते आणि पेटीतल्या कापडी पिशवीत साठते. त्या घरात त्याला धूळखाऊ म्हणतात.

बायनाबाई सांगत होती, "पयल्या दिशी हौसेनं सैपाकघरात फिरवलं. तर सारवणाचे पोपडेच्या पोपडे गिळले की मेल्यानं! मालकाच्या आईनं ऊर बडवून घेतला, म्हन्ली घरातली लक्ष्मी वढून घेतोय. तवापसून माडीवरल्या गालिच्यापुरताच हाय. पाव्हना आला की मालक त्याच्यासमोर गालिचा झाडत्यात अन् पिशवी उलटी करून दावत्यात, बगा किती खाल्लं."

भिवरा दाराआडून ऐकत होती. सहा वर्षांत त्या घराचं नाव निघालं की ही उठून जाते. काल बाहेर आली आणि विचारलं, "दांडी कोन हलवतं, बायनामावशी?"

"छबूबाई. धाकल्या मालकीणबाई. गड्याच्या हातात द्यायचं न्हाई म्हन्त्यात मालक, मोडंल. मग मोडलं ते बी तिच्याच हातात मोडलं."

एवढं बोलून म्हातारी आपलं मनगट चोळत बसली. गाडीत अवघडली असावी.

नवं यंत्र मागवायला पाटलांनी मुंबईला दोन पत्रं घातली. विलायतेत लढाई चालली आहे, माल येत नाही, असं उत्तर आलं. म्हणून गरज पडली दुरुस्तीची. आणि गरजही कसली! संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, जिल्ह्याचे अव्वल तालुकदार साहेब दौऱ्यावर त्यांच्या घरी उतरणार आहेत. त्यांच्यापुढे धूळखाऊ चालवून दाखवायचा आणि दरबारात खुर्चीचा मान मिळवायचा, असा बेत आहे. बीडमध्ये असली चीज उघडणारा मी एकटा. अडला हरी गाढवाचे पाय धरी.

शुद्ध ६, शुक्रवार

आज पेटी उघडली. भात्याच्या घडीवर चामडं फाटलं आहे, पण खरा दोष तो नाही. आत दोन कातडी पडदे आहेत. एक हवा आत घेतो, दुसरा बाहेर सोडतो. आत घेणाऱ्या पडद्याखाली काचेचा तुकडा अडकला होता, त्यामुळे पडदा नीट बसतच नव्हता. तुकडा हिरव्या बांगडीचा.

पिशवी उलटी केली तर धुळीत आणखी निघाले. मूठभर. एका गालिच्यातून एवढे! कापड फाडून त्यातलाच एक वर चढला असणार. मी म्हटलं, या बायकांना चीज सांभाळायची अक्कल म्हणून नसते. नव्या नवरीला काकणं फोडायला पाटलाचाच गालिचा सापडला काय!

 भिवरानं सूप आणलं, ती सगळी धूळ धान्यासारखी पाखडली, तुकडे वेचून पाण्यात धुतले. एका तुकड्यावर तपकिरी डाग होता. गंज म्हणावा तर काचेला गंज चढत नाही. तिनं तो अंगठ्यानं घासला, मग घासायचं सोडून दिलं आणि सगळे तुकडे चहाच्या रिकाम्या डब्यात घालून ठेवले. तुळशीच्या कट्ट्यात बसवायचे असतील. मला कामाची घाई होती.

शुद्ध ९, सोमवार

आज जे झालं ते लिहितानाही हसू येतं.

भात्याच्या चामड्यासाठी सटवाला बोलावलं होतं. सटवा पाण्याच्या चामडी छागली करतो. त्याच्या हातची छागल उन्हाळाभर थेंब गळू देत नाही, आणि लोहारांचे भातेही तोच शिवतो. सकाळभर बसून त्यानं चामडं बदललं, पडदे नवे कापून लावले. मी बाजारात तेल आणायला गेलो होतो. आलो तर पेटी बंद. म्हटलं पाहू, आणि दुकानातल्या चटईवर नळीचं तोंड टेकवून दांडी हापसली.

तोंडातून हवा आत जाण्याऐवजी फस्सकन बाहेर आली. चटईखालची आठ वर्षांची माती उडाली आणि माझ्या डोळ्यांत, नाकात, मिशांत बसली. सटवा घाबरला.

"आवो, मी भात्याला लावतो तसाच लावला की पडदा! भाता फुकायलाच आसतो. वढणारा भाता माझ्या बापानं बी पाह्यला न्हवता!"

त्याचं चुकलं नव्हतं. जन्मभर त्यानं विस्तव फुलवणारेच भाते केले. पण मी त्याला शिव्या देणार एवढ्यात आतून हसण्याचा आवाज आला. भिवरा पदर तोंडाला लावून हसत होती. सहा वर्षांत मी तिला हसताना पाहिली नव्हती. त्यामुळे शिव्या राहूनच गेल्या.

शुद्ध १०, मंगळवार

रात्रभर विचार केला आणि आज सकाळी दात घासताना सगळं एकदम लख्ख दिसलं.

पडदे उलटे लावले की धूळखाऊ धूळ ओकतो. बाहेरून काही कळत नाही. समजा भोगीच्या दिवशी राधाकिशन पाटील रेशमी अंगरखा घालून पितळी तोंड हातात धरतील, गडी दांडी हापसेल, समोर गादीवर अव्वल तालुकदार साहेब, शेजारी सगळी पाहुणेमंडळी. आणि मग फस्स! साहेबांच्या तोंडावर, शेरवानीवर, सरबताच्या पेल्यात. पाटलांच्या खुर्चीचा मान तिथल्या तिथे धुळीला मिळेल. मी चावडीवर मातीतून पागोटं उचललं होतं. ते आपलं तोंड कशानं पुसतात ते पाहू.

दिवसभर हे चित्र मी पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे आणलं. एका गिऱ्हाइकाच्या घड्याळात दोन काटे सारख्याच लांबीचे बसवले, त्यानं परत आणून दाखवलं तेव्हा कळलं. आधी यंत्र चांगलं दुरुस्त करून त्यांना दाखवायचं, आणि पाठवताना पडदे फिरवायचे. चार स्क्रूंचं काम.

भिवराला सगळं समजावून सांगितलं. वाटलं होतं, आनंदानं उडी मारेल. तिनं नुसतं विचारलं, "कंचा पडदा कंच्या जागी?" मी उघडून दाखवलं. "अन् हे स्क्रू कशानं फिरत्यात?" पेचकस तिच्या हातात देऊन तेही दाखवलं. बाईमाणसाला एवढं कळून काय करायचं आहे, पण माझाच उत्साह मावत नव्हता.

मार्गशीर्ष वद्य ५, गुरुवार

पाटील स्वतः आले. घोड्यावरून उतरले नाहीत तोच हाक, "काय मेव्हणं! झाला का न्हाई आमचा धूळखाऊ?"

मेव्हणं! सहा वर्षांनी! मी हात जोडले. आतून पेटलो होतो पण हात जोडले. यंत्र चालवून दाखवलं. मी दांडी हापसली, त्यांनी तोंड फिरवलं, चटईवरची धूळ सुर्रकन आत गेली. ते खूश झाले.

"हुशार हायस बे तू. उगंच घड्याळं टकटकवत बसलास. तालुकदार सायब खूश झाले तर तुजं बी नाव घालीन त्यांच्या कानावर."

"आपली मेहरबानी," मी म्हणालो. "फक्त चामडं नवं आहे. आठ-पंधरा दिवस तेल पिऊ द्या. मी भोगीच्या दोन दिवस आधी गाडीत घालून देतो. आणि साहेबांसमोरच पहिल्यांदा चालवा, त्याआधी हात लावला तर शिवण उसवेल."

पटलं त्यांना. निघताना आतल्या दाराकडे पाहून हसले. "हाय का अजून? ठिवलीस घरात?" आणि मग, सहज, बैलाबद्दल बोलावं तसं, "नवी बी तसलीच निगाली बे. हापसायला लावलं तर यंत्र मोडती. हात उचलल्याबिगर हालत न्हाई."

 हातातला पेचकस एवढा घट्ट धरला होता की तळहातावर वळ उठला. मला एकच दिसत होतं, त्या हसणाऱ्या तोंडावर शेरभर धूळ. घोड्याची टाप गल्लीच्या टोकाला विरली तरी भिवरा दाराआड उभीच होती. मी म्हटलं, ऐकलंस ना काय म्हणाला तुला? ती म्हणाली, "मला न्हाई काई म्हन्ला, दादा."

ऐकायला कमी येतं की काय हिला.

पौष शुद्ध ३, बुधवार

खरं लिहायचं तर भीती वाटते. यंत्र उलटलं की पाटील आधी मलाच धरणार. तालुकदारांनी मनात आणलं तर दुकानाला कुलूप लागेल. मग सांगेन, मी तुमच्या देखत चालवून दाखवलं होतं, वाटेत गाडीच्या हिसक्यानं पडदा फिरला असेल. हे खोटं मी आरशापुढे तीनदा म्हणून पाहिलं. बरं जमतं.

दुसरी टोचणी उस्तादांची. ते म्हणायचे, दुरुस्तीला आलेली चीज बिघडवून देणारा हात झडतो. पण उस्तादांचं पागोटं कधी कुणी जोड्यानं ढकललं नव्हतं.

आज भिवराशी भांडण झालं. भाकरी वाढता वाढता म्हणाली, "दादा, यंत्र नीट करून दे."

मी म्हटलं, "तुझ्यासाठी करतोय आणि तूच म्हणतेस नीट करून दे? अगं, तुला काही चाड?"

"तवा दांडी कोनाच्या हातात आसंल?"

"गड्याच्या. तालुकदारापुढं पाटील बायकोला उभी करतोय होय?"

"तवाचं न्हाई म्हनत. तालुकदार गेल्यावर. समद्यांसमोर हसं झालेला मानूस मंग घरात येतो, दादा. घरात कोन आसंल?"

मी ताट सारून उठलो. एवढी वर्षं मनात जपलेली गोष्ट, आणि सवतीचा पुळका हिला! त्या पोरीनं हिची जागा घेतली. तिच्यासाठी मी माझा सूड सोडू? भिवरा पाटलांच्या घरून दोनदा आपणहून पळून आली होती, तेव्हाही असंच अर्धंमुर्धं बोलायची. नीट काही सांगायची नाही, नुसती कोपऱ्यात बसायची. लेकीबाळीनं सासरी नांदावं, भांड्याला भांडं लागतंच, म्हणून दोन्ही वेळा मीच तिला गाडीत घालून परत नेऊन सोडलं. तेव्हाही तिला काय म्हणायचं होतं ते मला कळलं नव्हतं.

पौष वद्य ३, गुरुवार

झालं. गाडी गेली.

बायनाबाई काल संध्याकाळीच येऊन मुक्कामाला राहिली होती. आज पहाटे मी पडदे काढले, उलटे लावले, चारही स्क्रू घट्ट केले.  मग बिंदुसरा नदीवर आंघोळीला गेलो, कंकालेश्वराला पाणी घातलं आणि देवाला सांगितलं, एवढं एक कर, पुन्हा काही मागणार नाही.

आलो तर दोघींनी पेटी पोत्यात शिवून तयार ठेवली होती. पोतं एका जागी उसवलेलं राहिलं होतं, तिथून एका स्क्रूची खाच चकाकताना दिसली. सकाळी मीच जोर जास्त लावला असेन. गाडीत चढवताना पेटी आली तेव्हापेक्षा जड लागली. मनावरचं ओझं म्हणतात ते हेच, अशी मी मनाची समजूत घातली.

गाडी हलताना भिवरा चाकाजवळ गेली आणि बायनाबाईला म्हणाली, "पिशवी लई भरल्याली दिसंल. मालकाला म्हनावं, तालुकदारासमोरच उघडा, नावाजत्याल." म्हातारीनं तिच्या हातावर हात ठेवला आणि डोळे पुसले.

मी मनात हसलो. वेडी गं वेडी. पिशवी उघडायची वेळच येणार नाही तिथे.

भोगी

बाजरीची भाकरी, तीळ, वांग्याची मिसळ भाजी. तीन भाकरी खाल्ल्या. ऊन डोक्यावर आलं तेव्हा म्हटलं, आता साहेब उतरले असतील. उन्हं कलली तेव्हा म्हटलं, आता फस्स झालं असेल. मी एकटाच दुकानात हसत होतो. समोरच्या अत्तरवाल्यानं विचारलं, मियाँ, क्या मिला? मी म्हटलं, बहुत पुराना कर्ज़ वसूल हुआ.

भिवरा जेवली नाही. तिचा उपास असल्याचं मला ठाऊक नव्हतं.

संक्रांत

आज दुपारी गाडी परत आली. गाडीत बायनाबाई आणि तिच्याजवळ डोक्यापासून पायापर्यंत पदर घेतलेलं कुणीतरी. यंत्र नव्हतं. मी धावत बाहेर गेलो. "काय झालं? उडाली का धूळ?"

"कसली धूळ?" म्हातारी म्हणाली. "यंत्र झ्याक चाललं."

 झ्याक! मी स्वतःच्या हातानं उलटे लावलेले पडदे! मी भिवराकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती, गाडीकडे पाहत होती. तेव्हा मला ती चकाकणारी खाच आठवली, आणि तिच्या हातात मीच दिलेला पेचकस.

बायनाबाईनं सांगितलं ते असं. गड्यानं दांडी हापसली, पाटलांनी तोंड फिरवलं, गालिचा असा साफ झाला की तालुकदार साहेब वाहवा म्हणाले. पाटील फुलले. नेहमीप्रमाणे पिशवी काढली आणि साहेबांसमोर पांढऱ्या चादरीवर उलटी केली. धूळ थोडी आणि काच फार. हिरव्या, लाल, राजवर्खी बांगड्यांचे तुकडेच तुकडे, ढीग. 

"साहेबांनी यक तुकडा उचलला," बायनाबाई म्हणाली. "म्हन्ले, ये क्या है, पाटील? मालक हसले. म्हन्ले, बायकांची जात, काकनं फोडत्यात. साहेब म्हन्ले, एक क़ालीन में इतनी? किसकी हैं?  तवर मधल्या दाराचा पडदा हालला. अन् पडद्याच्या भाईर हात आला. कोपरापस्तोर उघडा. भोगीच्या दिशी सवाष्णीचा हात, अन् यक बी काकण न्हाई. निसते वण. जुने वण अन् ताजे वण. तोंड न्हाई दिसलं, आवाज बी न्हाई. निसता हात. साहेबांनी बगितला. समद्यांनी बगितला."

"मग?"

"मंग काय, साहेब उठले. मेजवानीला शिवले न्हाईत. जाताना म्हन्ले, मशीन अच्छी है, पाटील. घर साफ नहीं है. अन् घोडं मागवलं. मालक पाय धरत त्यांच्या मागं मागं पळत गेले, दुसऱ्या मुक्कामापस्तोर. तवर मी गाडी जुपली."

पदर घेतलेली गाडीतून उतरली. सोळा वर्षांची असेल. मी तिला आजवर पाहिली नव्हती, सहा वर्षं नुसता राग धरला होता. तिनं वाकून भिवराच्या पायांना हात लावला आणि म्हणाली, "आक्का, तुमी सांगावा धाडला तसंच केलं. निसता हात दावला." भिवरानं तिला उठवलं. मग आपल्या दोन्ही हातांतल्या निम्म्या बांगड्या काढून, तेल लावून, एकेक करून त्या पोरीच्या हातांत चढवल्या. वणांवरून सरकवताना पोरीनं ओठ दाबले होते. मी दारात उभा होतो आणि मला कुठे बघावं ते कळत नव्हतं.

मी म्हटलं, "एवढे तुकडे त्या पिशवीत कुठून आले? सापडले होते मूठभर."

भिवरा म्हणाली, "मूठभर तिचे. बाकीचे माजे. दोनी येळंला वटीत बांदून आनले व्हते तुला दावायला. तू बगितलं न्हाईस. म्हन्लास, भांड्याला भांडं लागतंच."

 मग आवाज न चढवता म्हणाली, "तुजं पागोटं यकदा मातीत पडलं, दादा, ते तू सा वर्सं उचलतूस. मला तू दोनदा नेऊन टाकलंस. ते लिव्हलंस का कुटं तुज्या वहीत?"

दोघी आत गेल्यावर मी जुन्या वह्या काढल्या. ते दोन दिवस शोधून काढले. पहिल्या दिवशी लिहिलं आहे: भिंतीवरचं घड्याळ, दोष कमानीचा, परत दिलं. दुसऱ्या दिवशी: शिवणयंत्र, परत दिलं, गेवराईकडे जाऊन आलो, उन्हाचा त्रास झाला. बस. तिचं नाव कुठेच नाही. पागोट्याची गोष्ट मात्र सहा वह्यांच्या समासात मी सहा वेळा लिहून ठेवली आहे.

पाटील येतील. आज नाही तर उद्या, घोडा उधळत येतील. खोटं आता आरशापुढे म्हणून पाहण्याची गरज नाही. यंत्र खरंच चांगलं चाललं. पण ते यंत्रासाठी येणार नाहीत. हात जोडायची माझी सवय जुनी आहे आणि दाराचा अडसर बरा आहे की नाही हे मी इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. आता पाहून आलो. एक खिळा ढिला होता, तो ठोकला.

भिवरा तिळाची वडी घेऊन आली, वहीकडे पाहून म्हणाली, आज काई आलं का दुरुस्तीला? तिला वाचता येत नाही, म्हणून खालचं मी तिला मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि तिनं मान हलवली तेव्हाच शाई वाळू दिली.

आली: छबूबाई, संक्रांतीच्या दिवशी.
दोष: हिच्यात नाही.
परत: देणे नाही.